मोजलेल्या चार इमारती

रत्नागिरी,
१३ मे २००७

प्रिय नझीर,

रझियाभाभी काल एसटी स्टँडवर भेटल्या. पूर्णगडच्या गाडीची वाट बघत होत्या. त्यांचा भाऊ गुरुवारी मस्कतला निघतोय म्हणाल्या, म्हणून हे पत्र त्याच्या हाती. मेल का करत नाहीस असं विचारशील. विद्यापीठाचा मेल मीच सांभाळतो. कुणाचं पत्र कोण वाचू शकतो ते मला पक्कं ठाऊक आहे. कागद बरा.

कामाचं आधी लिहितो. आमच्या सड्यावरच्या विद्यापीठात सगळीकडे वायरलेस बसवायचं ठरलं आहे. पंधरा इमारती, त्यातली चार वसतिगृहं, सहा हजार मुलं. कुलसचिवांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही संगणक विभागातले, तुम्हीच आराखडा करा." संगणक विभागातला माणूस म्हणजे प्रिंटरच्या शाईपासून उपग्रहापर्यंत सगळं येणारा, अशी इथली समजूत आहे. पंधरा जूनच्या आत अहवाल हवा. छताला किती अॅक्सेस पॉइंट लावायचे आणि ते सगळे सांभाळायला कंट्रोलर किती घ्यायचे, एवढे दोन आकडे त्यांना पाहिजेत. तू तिकडे त्या मोठ्या विद्यापीठात तीन वर्षं हेच करतोयस. थोडक्यात सांग.

थोडक्यात अशासाठी की हंगाम ऐन भरात आहे. आप्पा गेल्यावरचा हा पहिला हंगाम. दोनशे चाळीस कलमं, आठ गडी, आणि आंबा काढताना देठ किती ठेवायचा हे मला अजून गड्यांनाच विचारावं लागतं. आप्पा असताना मी बागेत फक्त खायला जायचो. आता सकाळी बाग, दुपारी विद्यापीठ, संध्याकाळी पेट्या.

फोनवर तू विचारलंस, कसा आहेस. ठीक आहे. आप्पांच्या दिवसांना सगळे रडले, मुलगा असून मला रडू आलं नाही. येईल म्हणतात. तीन महिने झाले. भूक लागते, झोप लागते, बाकी काही वाटत नाही.

तुझा,
सलिल


मस्कत,
१ जून २००७

सल्या, अस्सलाम आलेकुम.

पत्र मिळालं. पत्राबरोबर आंबे नाहीत! मेव्हण्याला दोनदा विचारलं, त्याने शेवटी बॅग उलटी करून दाखवली. बागायतदार झालास आणि मित्राला विसरलास. असो, माफ केलं.

आता नीट ऐक. छतावरचे पॉइंट म्हणजे तुझे गडी आणि कंट्रोलर म्हणजे मुकादम. कुणी कुठे काम करायचं, कुणाला आत घ्यायचं, सगळं मुकादम ठरवतो. तुमच्या ऐपतीतला मुकादम शंभर गडी सांभाळेल. एकशे एकावा आला की दारातूनच परत. गयावया करून उपयोग नाही.

गडी किती? मी सुरुवातीला दर दोन हजार चौरस फुटांना एक धरतो. पण तो नुसता अंदाज, लेका! आमच्या इथे भिंती पुठ्ठ्यासारख्या. तुमच्याकडे जांभ्याचे चिरे, फूटभर जाड. म्हणून प्रत्येक इमारतीत स्वतः जायचं. एक पॉइंट काठीला बांधायचा, लॅपटॉप घेऊन खोली न् खोली फिरायचं, भिंतीपलीकडे काय पोचतं ते वहीत लिहायचं. पंधरा इमारती म्हणजे पंधरा दिवस. टंगळमंगळ चालणार नाही.

आणि मुकादम एक जास्त घ्यायचा. दोघांचं काम असेल तर तिघं. तिसरा झाडाखाली बसून तंबाखू मळेल, तुमचे साहेब विचारतील हा कशाला पोसायचा. दोघांतल्या एकाला ताप भरला की कळेल कशाला. त्याचे गडी मुकाट तिसऱ्याकडे जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी इथे दिवसभर हेच बघत असतो, रिकामी जागा किती उरली आहे. भरलेली जागा काय, कुणीही मोजेल.

आप्पांसाठी दुवा करतो. रडू नाही आलं तर नाही आलं. ते काय लाइटबिल आहे, तारखेच्या आत भरायला? पण एकटा बसत जाऊ नको.

नझीर


रत्नागिरी,
२४ जून २००७

प्रिय नझीर,

अहवाल दिला. पॉइंट १८४, कंट्रोलर दोन. मोजणी तुझ्या पद्धतीनेच केली. केरू बरोबर होता. केरू म्हणजे आमच्या सर्व्हर खोलीतला मदतनीस. लांज्याकडचा, आठ वर्षं रोजंदारीवर आहे. काठीला पॉइंट बांधून तो पुढे, वही घेऊन मी मागे. मुलं सुट्टीला गेलेली होती, त्यामुळे खोल्या उघड्या मिळाल्या. त्याला हा प्रकार फार आवडला. "सर, पालखीच निघाली जणू," म्हणाला.

तिसरा कंट्रोलर घातला नाही. इथे कामाच्या वस्तूचं कारण कुणी विचारत नाही, पण नुसत्या बसून राहणाऱ्या वस्तूवर तासभर चर्चा होते. दोघांत मिळून दोनशेची जागा आहे. सोळा उरतात.

आंबा संपला. भाभींकडे तुझ्यासाठी फणसपोळी दिली आहे. हंगाम बरा गेला. शेजारपाजारचे म्हणाले, आप्पांचं नाव राखलंस. मी हो म्हटलं.

सलिल


मस्कत,
१५ जुलै २००७

सल्या,

फणसपोळी पोचली आणि संपलीसुद्धा. खोलीतल्या केरळच्या पोराने अर्धी खाल्ली, त्याला दुवा नाही.

ऐन हंगामात पंधराच्या पंधरा इमारती मोजून काढल्यास! खरं सांगू, मला वाटलं होतं तू दांडी मारशील. शाबास. माझे इथले दोघे एसीत फिरून त्याला महिना लावतात. मी त्यांना तुझं उदाहरण दिलं.

पण तिसरा का काढलास? सोळा जागा उरतात म्हणतोस. अरे गाढवा, एक मुकादम पडला तर त्याचे नव्वद गडी येतील. दुसऱ्याकडच्या आठ जागांत कुठे बसवणार, मांडीवर? अजून टेंडर निघालं नसेल तर दुरुस्ती कर. साहेबांना हवं तर माझं नाव सांग, म्हणावं परदेशातला तज्ज्ञ म्हणतो. परदेशातल्या माणसाचं लगेच पटतं.

नझीर


रत्नागिरी,
१७ ऑगस्ट २००८

प्रिय नझीर,

तुझ्या त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. बघता बघता वर्ष झालं. टेंडर निघून गेलं होतं, असं समज.

जानेवारीत सगळं चालू झालं. फीत कापली, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. त्यात मी कोपऱ्यात आहे. मेपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. जुलैपासून रोज अर्ज येतात. चिरा पाणी पितो हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या घराची पश्चिमेची भिंत या दिवसांत हात लावला तर ओली लागते. पण त्याच ओल्या भिंतीतून सिग्नल जायचा आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मोजलं पाऊस यायच्या आधी, भिंती ठणठणीत कोरड्या. आता मुलींच्या वसतिगृहात खोलीत काही पोचत नाही, पोरी पॅसेजमध्ये पॉइंटखाली चटया टाकून बसतात.

पंधरा नवे पॉइंट लावले. एकूण १९९. केरूच शिडीवर चढून लावतो. शेवटचा लावून खाली उतरला आणि म्हणाला, "सर, आता एकाचीच जागा राह्यली हां." त्याला आकडे माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. डिसेंबरअखेर कायम होणाऱ्यांची यादी निघणार आहे, त्यात त्याचं नाव आहे. त्याने आत्ताच इथे खोली बघून ठेवली आहे. बायको काशी आणि मुलगी लांज्याहून यायच्या आहेत. मुलीला इथल्या शाळेत घालणार. मला सारखं विचारतो, कुठली शाळा चांगली.

ऑक्टोबरात बंगळूरची एक कंपनी भरतीला येणार आहे. मोठ्या हॉलमध्ये ३४० मुलांची ऑनलाइन परीक्षा, सगळी वायरलेसवर. कुलगुरू खूश आहेत. मीही असायला हवं.

सलिल


मस्कत,
९ सप्टेंबर २००८

सल्या,

रोजे चालू आहेत, तोंडात शिव्या आणता येत नाहीत, तू नशीबवान आहेस.

१९९? दोनशेत १९९? अरे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन पानं जास्त मांडतात. आता निदान एवढं कर. परीक्षेच्या दिवशी कंट्रोलरला कुणी हात लावायचा नाही. अडखळला तर अडखळू दे, दहा-वीस पॉइंट गेले तर जाऊ दे. पण बंद करून चालू करायचा नाही. एक बंद केलास की त्याचे शंभर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतील. तो त्यांना "जागा नाही, जागा नाही" सांगत बसेल आणि त्यातच स्वतः आडवा होईल. मी हे इथे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि इथे तरी रिकामा तिसरा होता.

केरूला हे मोठ्या अक्षरात लिहून त्या खोलीच्या दारावर लावायला सांग. आजच सांग. त्याच्या मुलीसाठी माझ्याकडून एक दप्तर घे, पैसे रझिया देईल.

नझीर


रत्नागिरी,
२ नोव्हेंबर २००८

प्रिय नझीर,

परीक्षा झाली नाही.

१६ ऑक्टोबरला अकरा वाजता सुरू झाली. वीस मिनिटांनी एक कंट्रोलर अडखळायला लागला. हॉलमधल्या मागच्या चार ओळींतली मुलं हात वर करून बसली. ११.२४ ला तो कंट्रोलर बंद करण्यात आला. मग तू लिहिलं होतंस तसंच झालं, अगदी त्याच क्रमाने. दुसराही गेला. सगळं परत यायला सत्तेचाळीस मिनिटं लागली. तोवर कंपनीच्या लोकांनी चहा घेतला, मग जेवले, मग पुन्हा तारीख कळवतो म्हणून गाडीत बसले. दिवाळीच्या आधी त्यांचं पत्र आलं. बाजार मंदीत आहे, यंदा भरती नाही. ३४० मुलं होती. एक मुलगा हॉलच्या पायरीवर बसून होता, त्याची बस चुकली तरी उठला नाही. मी त्याच्या शेजारून निघून गेलो.

चौकशीला तिघांची समिती नेमली आहे. नोंदीत एवढंच दिसतं की ११.२४ ला वीज हाताने बंद झाली. खोलीत केरू होता. परवानगीशिवाय यंत्र बंद केलं असा त्याच्यावर ठपका आहे. त्याचं नाव यादीतून तात्पुरतं बाजूला ठेवलं आहे. समितीला तांत्रिक गोष्टी समजावून सांगायला मला बोलावतात.

बाग ठीक. फवारणी चालू आहे.

सलिल


मस्कत,
१९ नोव्हेंबर २००८

सलिल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला एक गोष्ट पटत नाही. "आता एकाचीच जागा राह्यली" म्हणणारा माणूस स्वतःच्या मनाने कंट्रोलर बंद करेल? ज्याला आकडे पाठ आहेत तो? मी केरूला पाहिलेला नाही, पण तुझ्याच पत्रांतून ओळखतो. तो बंद करायच्या आधी कुणाला तरी फोन करणार. कुणाला केला?

दुसरं. दारावर कागद लावला होता का?

तिसरं. हे विचारायचं नव्हतं, पण झोप येत नाही म्हणून विचारतो. १८४ हा आकडा मी काल पुन्हा काढून बघितला. मागे तू इमारतींचं क्षेत्रफळ मिळून तीन लाख अडुसष्ट हजार चौरस फूट म्हणाला होतास, फोनवर, आठवतं? त्याला दोन हजारांनी भाग. बरोबर १८४ येतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. खोली न् खोली फिरून मोजणाऱ्याचा आकडा अंदाजाशी इतका तंतोतंत जुळत नाही रे. सल्या, तू किती इमारतींत फिरलास?

रागावलेलो नाही. खरं काय ते लिही.

नझीर


रत्नागिरी,
१० डिसेंबर २००८

प्रिय नझीर,

चार.

पहिले दोन दिवस मी आणि केरू फिरलो. चार इमारती झाल्या. त्यातल्या तीन नव्या, विटांच्या. चिऱ्याची एकच. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेतून फोन आला, वारा सुटलाय, आंबा गळतोय. मी गेलो. चौथ्या दिवशी पेट्या जायच्या होत्या. पाचव्या दिवशी केरू काठी घेऊन दारात उभा होता, "सर, निघू या ना?" मी म्हटलं, राहू दे, बाकीचं मी नकाशावरून करतो. त्याने काठी सोडवून पॉइंट पुसून कपाटात ठेवला. मग मी तुझ्या अंदाजाने भागाकार केला. दोन मिनिटं लागली.

तिसरा कंट्रोलर कुलसचिवांनी काढला नाही, मीच खोडला. तो ठेवला असता तर त्यांनी विचारलं असतं कशाला, मग विचारलं असतं मोजणी दाखवा, आणि वहीत चारच इमारती होत्या. म्हणून खोडला. तुला वाटलं, टेंडर निघून गेलं. तुझं पत्र आलं तेव्हा टेंडर निघायला अजून तीन आठवडे होते.

दारावर कागद लावला नाही. तुझं पत्र सप्टेंबरअखेर मिळालं, वाचून खणात ठेवलं. केरूला सांगायचं राहिलं.

फोन मलाच आला होता. मी हॉलमध्ये कंपनीच्या साहेबांशेजारी उभा होतो. केरू म्हणाला, "सर, एक नंबर अडकलाय. काय करू?" मी म्हटलं, बंद करून चालू कर. तो म्हणाला, "सर, दुसऱ्यात जागा नाय." मी म्हटलं, कर रे. १९९ मलाही पाठ होतं. साहेब घड्याळ बघत होते, तोंडातून निघून गेलं.

विद्यापीठाच्या आतल्या फोनची नोंद राहत नाही. केरू समितीपुढे तीनदा गेला. तीनही वेळा त्याने एवढंच सांगितलं, "मी बंद केला." माझं नाव काढलं नाही. मला वाचवतोय. त्याचे उपकार आहेत, आणि ते मला कळतात, जसा वहीतला आकडा कळतो तसे. वाटत मात्र काहीच नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, बागेत जाऊन येतो, समितीपुढे बसून त्यांना कंट्रोलर म्हणजे काय ते समजावतो. परवा अध्यक्ष म्हणाले, तुम्ही फार सोपं करून सांगता. मी थँक्यू म्हटलं.

तू विचारलंस म्हणून सगळं लिहिलं. तू विचारलं नसतंस तर लिहिलं नसतं, हेही खरं.

सलिल


मस्कत,
२२ डिसेंबर २००८

सलिल,

हे कुरिअरने पाठवतोय, कुणाच्या येण्याजाण्याची वाट बघायला वेळ नाही.

मी तुला मोजायला शिकवलं होतं, दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला नाही. काही वाटत नाही, काही वाटत नाही, हे काय चालवलंयस? नको वाटू दे! वाटल्याशिवाय माणूस उठून चार पावलं चालू शकत नाही की काय? इथे मजूर बावन्न अंशाच्या उन्हात काम करतात, त्यांना वाटतं म्हणून नाही करत. तुला आतून काही वाटेल तेव्हा तू खरं बोलणार, आणि तोवर केरूने काय करायचं? काशीने आणि त्या पोरीने?

आप्पा गेले त्याचं मला दुःख आहे. पण आप्पांच्या नावावर हे खपवू नको. माझ्या आकड्याच्याही नावावर नको. तो आकडा मीच दिला होता, त्यामुळे मी रोज रात्री स्वतःला चार शिव्या देतो. तेवढा माझा वाटा. बाकीचा तुझा.

एकतीसच्या आत जा. यादी लागायच्या आत. तिघांपुढे उभा राहा आणि सांग, चार इमारती मोजल्या, तिसरा मी खोडला, फोनवर मी सांगितलं. एवढी तीन वाक्यं आहेत. नोकरी गेली तर जाईल, तुला बाग आहे. केरूला काय आहे?

रागावलोय. खूप रागावलोय. गेलास की फोन कर.

नझीर


रत्नागिरी,
२५ जानेवारी २००९

प्रिय नझीर,

फोन करणार होतो. तीनदा नंबर फिरवला आणि ठेवला. हे रझियाभाभींच्या भावाबरोबर पाठवतोय, तो सुट्टी संपवून परत निघालाय.

तुझं कुरिअर तीस तारखेला दुपारी मिळालं. म्हणजे माझ्याकडे दीड दिवस होता. मी पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं, त्याच्यावर शाईची बाटली ठेवली. एकतीसला रजा टाकली. बागेत मोहोर बघत हिंडलो. एक तारखेला यादी लागली. त्यात केरूचं नाव नव्हतं. त्याच दिवशी त्याने सर्व्हर खोलीच्या किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि लांज्याला गेला.

मी सहा तारखेला गेलो. तू लिहिलेली तीनही वाक्यं म्हटली. वही पुढे ठेवली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, पण आता अहवाल छापून झालाय." मग तिघांनी आपापसात बोलून मला लेखी ताकीद द्यायचं ठरवलं. एक कागद आहे, अर्ध्या पानाचा. नोकरी राहिली. केरूचं विचारलं तर म्हणाले, त्याची रोजंदारी संपलीच होती, आणि पुढची यादी कधी निघेल ते सरकारला ठाऊक. मी वाद घातला. खरंच घातला, आवाज चढला माझा. त्यांनी पाणी मागवलं.

काल लांज्याला गेलो. केरू आता काजूच्या कारखान्यात बिया भाजायला जातो. टरफलांच्या तेलाने बोटं काळी झाली आहेत, कातडं सोललं आहे. काशीने खुर्ची पुसून दिली, मुलीला बाहेर खेळायला पाठवलं आणि चहा ठेवला. घरात कुणी मला वाईट बोललं नाही. मी केरूला सांगितलं की मी समितीपुढे सगळं खरं सांगून आलो, आणि त्याने माझ्यासाठी इतके दिवस तोंड मिटून ठेवलं त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "तुमच्यासाठी? तुमच्यासाठी नाय वो सर."

मी विचारलं, मग?

"फोनवर बोललाव तुमी. तर ते तुमी सांगायचं. मी सांगितलं असतं तर चहाडी झाली असती. मला म्हायत व्हतं तुमी सांगाल. तीनदा बोलावलं मला त्यांनी. तीनही टायमाला तुमी तिथंच बाकावर बसलेलाव. आत जाताना मी तुमच्याकडं बघायचो. मनात म्हणायचो, आता उठतील सर. आज उठतील."

काशी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "घरी आले की हेच सांगायचे. आज नाय उठले, उद्या उठतील."

नझीर, मला लाज वाटली. तू म्हणालास नको वाटू दे, पण वाटली, आणि थांबत नाही. मला वाटत होतं तो मला वाचवतोय. त्याने मला वाचवलं वगैरे काही नव्हतं. तो नुसता माझी वाट बघत होता, अडीच महिने, आणि मी त्याच्या समोरच बसलो होतो.

"आधी का नाय सांगितलाव?" असं त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. मी कप तोंडाला लावला. कपातला चहा संपला होता. काशीने विचारलं, अजून घ्याल का? मी हो म्हटलं, कारण तिथून उठून कसं जायचं ते मला कळत नव्हतं.

सलिल